पोलादाचे दात



व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडली त्या दिवशी एका परिचित दंतवैद्यांनी मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, आमच्या धंद्यात कधीपासून शिरलात?" त्यांची शंका वाजवी होती. या व्यासपीठावर इतिहासावर बोलणारे येतात, संतवाङ्मयावर बोलणारे येतात, अर्थकारणावर तर दरवर्षी कोणी ना कोणी येतोच. त्यांच्या पंक्तीला बसून लोडरच्या बकेटला लावलेल्या दातांवर तासभर बोलणारा मी पहिलाच असेन. माझी पुंजीही लहान आहे. या टेबलावर ठेवलेले दोन दात आणि हा एक लोहचुंबक, एवढेच घेऊन मी आलो आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाने हे यंत्र पाहिले आहे. विहीर, शेततळे, गाळ काढायचा बंधारा, रस्त्याचा भराव, काहीही असो, गावात पिवळे यंत्र येते आणि बघ्यांची गर्दी जमते. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्याला आपण जेसीबी म्हणतो आणि पट्ट्यावर चालणाऱ्याला पोकलेन म्हणतो. पहिले नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे, दुसरे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपण दोन्ही नावे मराठी करून टाकली आहेत, ते एक असो. गर्दीचे लक्ष असते त्या लांब हाताकडे. दगडाला पहिला स्पर्श मात्र करतो तो बकेटच्या ओठावर बसवलेला वीतभर पोलादाचा दात. एंजिनाची सारी शक्ती, तेलाचा सारा दाब शेवटी त्या दाताच्या दोन-तीन बोटे रुंदीच्या टोकाशी येऊन थांबतो. तो दात बोथट असला तर लाखो रुपयांचे यंत्र दगडावर डोके घासत बसते आणि डिझेल जळत राहते.

दाताची रचना थोडक्यात सांगतो. बकेटच्या जाड पट्टीला एक नाक वेल्डिंगने पक्के बसवलेले असते, त्याला कामगार अडॅप्टर म्हणतात. त्या नाकावर टोपीसारखा पोकळ दात चढवायचा आणि आरपार पिन ठोकायची. झिजायचे ते टोपीने. टोपी झिजली की टोपी बदलायची. नाक आणि बकेट वाचली पाहिजे. म्हणजे दात हा मुळात झिजण्यासाठीच जन्मलेला आहे. "न झिजणारा दात द्या" असे दुकानात मागणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे, आणि "हा घ्या" म्हणून देणारा दुकानदारही पाहिला आहे. तसा दात नाही. कोणत्या दगडात कोणता दात सावकाश झिजेल आणि झिजेपर्यंत मोडणार नाही, एवढाच प्रश्न आहे. तो प्रश्न दुकानात सुटत नाही, दगडापाशी सुटतो.

तेव्हा आधी दगडाकडे वळू. आपल्या नगर जिल्ह्याच्या पायाखाली काळा पाषाण आहे, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर. लोखंडाची वा मँगनीजची खाण आपल्याकडे नाही. येथे खाण म्हणजे खडीची खाण. या काळ्या पाषाणाने आपला भुईकोट उभा राहिला, याच पाषाणात 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले. तो कठीण आहे. पण खनिजाच्या खाणीत गेलेल्या माणसाला तो सज्जन वाटू लागतो. त्याची कारणे दोन.

पहिले कारण वजन. आपला काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, तर लोखंडाचे हेमेटाइट हे खनिज पाचपट जड. एक घनमीटरची बकेट फोडलेल्या काळ्या दगडाने भरली तर दीड ते पावणेदोन टन उचलते. चांगल्या प्रतीच्या लोहखनिजाने भरली तर अडीच टनांच्या आसपास जाते. त्यामुळे खनिजासाठी बकेट लहान घ्यावी लागते, आणि प्रत्येक धडकेत दाताच्या मुळाशी येणारा ताण वाढतो. खडीच्या खाणीतली बकेट आणि तिचे दात तसेच्या तसे लोहखनिजावर नेणाऱ्याला या चुकीची किंमत पहिल्याच महिन्यात कळते.

दुसरे कारण घर्षण, आणि येथे मला तुम्हाला विदर्भात न्यायचे आहे. नागपूर जिल्ह्यात मनसर आणि कांद्री, भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, या मँगनीजच्या नामांकित खाणी. तेथील मँगनीज ज्या खडकाच्या संगतीने सापडते त्याला भूशास्त्रज्ञ फर्मर याने गोंडाइट असे नाव दिले, गोंड लोकांवरून. जगातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या आदिवासी बांधवांचे नाव असे एका खडकाच्या रूपाने जाऊन बसले आहे. हा गोंडाइट मुख्यतः दोन खनिजांचा बनलेला असतो, एक गारगोटी आणि दुसरे मँगनीजयुक्त गार्नेट. दोन्ही साध्या कानशीलाही दाद देत नाहीत. मँगनीजची काही खनिजे इतकी मऊ असतात की हातात घेतली तर बोटे काळी होतात. पण त्यांच्या शेजारचा हा गोंडाइट दात अक्षरशः खाऊन टाकतो. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडला लोहखनिज आहे. तसल्या लोहखनिजाच्या जोडीला लोखंड आणि गारगोटी यांचे पट्टेपट्टे असलेला खडक असतो, तोही याच जातीचा वैरी. गोव्यात मात्र प्रकार वेगळा. तेथे 2012 साली खाणकाम थांबले आणि पुढे काही खाणी लिलावाने पुन्हा उघडू लागल्या. तेथले बरेचसे खनिज भुसभुशीत, पिठासारखे. त्याच्यावर दात आदळत नाही, घासला जातो. हा आदळणे आणि घासणे यांतला भेद कृपा करून ध्यानात ठेवा. आजच्या सगळ्या व्याख्यानाची गोम तेवढीच आहे.

आता धातूकडे येऊ. आपण बोलताना कठीण आणि मजबूत हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. लोहार तसे करीत नाही. काच कठीण आहे, पण पडली की फुटते. चामडे मऊ आहे, पण फुटत नाही. एक काठिण्य, दुसरा चिवटपणा. 1549 साली आपल्या या नगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने मुलूखमैदान तोफ ओतली, जी आज विजापूरच्या बुरुजावर आहे. सुमारे 55 टनांचे ते ओतकाम. तोफ ओतणाऱ्याची पहिली काळजी तिच्यावर ओरखडा उठू नये ही नसते. आतल्या दारूच्या धक्क्याने ती फुटून आपलेच गोलंदाज मरू नयेत ही असते. त्याला चिवटपणा हवा असतो. सुरीला काठिण्य हवे असते. आणि दाताची पंचाईत अशी की त्याला दोन्ही हवी असतात, टोकाला काठिण्य आणि मुळाशी चिवटपणा.

लोहार पोलादाला पाणी देतो ते आपण पाहिले आहे. लाल तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे. पोलाद कठीण होते. नुसते असे केले तर ते ठिसूळही होते, म्हणून जाणता लोहार त्याला पुन्हा मंद शेक देतो. थोडे काठिण्य सोडायचे आणि बराच चिवटपणा मिळवायचा, असा तो सौदा. कोणत्याही पोलादाला पाणी दिले की ते कठीण होणार, अशी जगाची समजूत होती. 1882 साली शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड या चोविशीच्या आतल्या तरुणाने पोलादात शेकडा 12-13 या प्रमाणात मँगनीज घातले, ते तापवून पाण्यात बुडवले आणि पाहिले तो काय, पोलाद उलट मऊ आणि विलक्षण चिवट झाले! घणाने ठोकले तरी फुटेना. आणि ठोकता ठोकता जेथे घण बसत होता तेथे मात्र ते कठीण होत चालले. आकड्यांत सांगायचे तर ब्रिनेलच्या मापाने सुरुवातीला 200 च्या आसपास असलेला पृष्ठभाग मार खाऊन 500 च्या घरात जातो, आणि आतला गाभा चिवटच राहतो. हवे होते ते दोन्ही गुण एकाच धातूत, आणि तेही मार खाल्ल्यावर! रेल्वेचा एक रूळ दुसऱ्याला छेदतो तेथील क्रॉसिंग याच पोलादाचे ओततात. खडीच्या क्रशरचे जबडेही याचेच. आणि त्यासाठी लागणारे मँगनीज हे गोंडाइटच्या शेजारचे खनिज. विदर्भातला खडक दात खातो आणि विदर्भातलेच खनिज दाताला बळ देते, असा हा घरचाच व्यवहार आहे.

मग प्रश्न मिटला असे वाटेल. सगळे दात मँगनीज पोलादाचे घ्यावेत. येथेच पुष्कळांचे पैसे बुडाले आहेत. या पोलादाची एक अट आहे. त्याला मार हवा. सुरुंगाने फोडलेल्या मोठमोठ्या दगडांवर ते आदळत राहिले तर त्याची कातडी कठीण होते. पण वाळू, मुरूम, खनिजाचा चुरा यांतून ते नुसते घासत गेले तर कातडी कठीण होण्याआधीच निघून जाते, आणि 200 ब्रिनेलचे मऊ पोलाद गारगोटीच्या कणांपुढे उघडे पडते. पिठासारख्या खनिजात महागडा मँगनीजचा दात साबणासारखा विरघळतो. तेथे हवा तो क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांचे थोडे थोडे मिश्रण असलेल्या पोलादाचा, पाणी देऊन आणि मग शेकून 450 ते 500 ब्रिनेलपर्यंत आणलेला दात. तो पहिल्या क्षणापासून कठीण असतो, कोणाच्या माराची वाट पाहत नाही. आज बाजारात जेसीबीचे आणि पोकलेनचे जे दात मिळतात ते बहुतेक याच जातीचे आहेत. दुकानदार मात्र सरसकट "मँगनीजचा आहे" म्हणून सांगतो, कारण गिऱ्हाइकाला तो शब्द ठाऊक असतो.

यावर उपाय हा लोहचुंबक. हॅडफील्डच्या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. लोखंडाचाच नातलग, पण चुंबकाला ओळख देत नाही. पाहा, हा दात चुंबक ओढतो. तो मिश्र पोलादाचा. हा दुसरा ओढत नाही, तो मँगनीजचा. नव्या ओतीव दाताच्या वरच्या कातडीला कधी किंचित ओढ जाणवते, तेव्हा कोपऱ्यात जरा घासून मग परीक्षा घ्यावी. एवढ्या साध्या परीक्षेने दुकानदार खरे बोलतो की नाही ते कळते. मात्र दात चांगला की वाईट ते यावरून कळत नाही, ते दगड ठरवतो.

आकाराबद्दल थोडे. लांब, निमुळता दात घट्ट जमिनीत लवकर शिरतो, पण झिजण्यासाठी त्याच्या टोकाशी धातू कमी. आखूड, जाड दात सावकाश शिरतो आणि जास्त टिकतो. सुरुंगाने मोकळा केलेला ढीग उचलायचा असेल तर सुईसारखे टोक कशाला? तेथे धातू जास्त असलेला दातच बरा. न फोडलेला कातळ उकरायचा असेल तर टोक हवे, मग आयुष्य कमी झाले तरी चालेल. आणि बंदराच्या किंवा कारखान्याच्या आवारात खनिजाचा ढीग फक्त उचलून मालमोटारीत टाकायचा असेल, तर माझे मत असे की दात काढूनच टाकावेत. त्यांच्या जागी बोल्टने बसवलेली सरळ पोलादी धार लावावी. दात जमीन उकरतात, खालची माती खनिजात मिसळते आणि मालाची प्रत उतरते. दातांवर बोलायला आलेला माणूस दात काढायला सांगतो याचे आपणांस हसू येईल. पण आमच्या दंतवैद्य मित्रांनाही कधी कधी तसे सांगावे लागते.

आता किमतीचा हिशोब. खरे दर मी सांगत नाही, ते महिन्यागणिक बदलतात. उदाहरण म्हणून धरू. समजा, एक दात 600 रुपयांना मिळाला आणि 150 तास टिकला. दुसरा 1,000 रुपयांना मिळाला आणि 350 तास टिकला. पहिल्याचा तासाला खर्च 4 रुपये, दुसऱ्याचा 3 रुपयांच्या आत. स्वस्त कोणता? आणि पहिला दोनदा बदलावा लागतो तेवढा वेळ यंत्र उभे राहते. त्या उभ्या तासांचे भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. पण हाच 1,000 रुपयांचा दात गाळ उपसायला लावला तर दोघांतला फरक इतका कमी होईल की जास्तीचे पैसे वाया जातील. म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक मालकाने एक वही ठेवावी. दात चढवताना त्याचे वजन आणि यंत्राच्या घड्याळातले तास लिहावेत, उतरवताना पुन्हा लिहावेत, आणि दगड कोणता होता ते लिहावे. एकाच बकेटला शेजारी शेजारी दोन कारखान्यांचे दात लावून पाहावेत, आठवड्याने त्यांच्या जागांची अदलाबदल करावी. कडेचे दात मधल्यांपेक्षा लवकर झिजतात, म्हणून ही अदलाबदल केल्याशिवाय न्याय होत नाही. सहा महिन्यांत ती वही कोणत्याही विक्रेत्यापेक्षा जास्त शहाणी होईल.

या हिशोबाची दुसरी बाजू एका प्रसंगाने सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खडीच्या खाणीवर मला बोलावले होते. मालक हौशी. लोडरला त्याने खास मँगनीजचे दात मागवून लावले होते, आणि त्या कठीण दगडासाठी ती निवड योग्य होती. सकाळी बकेटला पाच दात होते. दुपारनंतर कधीतरी ते चार झाले. ऑपरेटरच्या ध्यानात आले होते, पण दाताची किंमत पगारातून कापतील या धास्तीने तो गप्प राहिला. निखळलेला दात दगडांबरोबर पहिल्या क्रशरमध्ये गेला, उभा होऊन जबड्यातून निसटला आणि पट्ट्यावर आला. पट्ट्याच्या वर लोखंडाचे तुकडे ओढून घेण्यासाठी भला मोठा चुंबक टांगलेला होता. त्याने या दाताला ओळखले नाही. का, ते आपण आत्ताच पाहिले. दात पुढच्या क्रशरमध्ये जाऊन अडकला. यंत्र कुंथत थांबले. एक तरुण पहार घेऊन अडकलेला दगड समजून तो मोकळा करायला वाकला. दाबाखाली आवळलेला दात सुटला आणि उसळून त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडले. वीतभर आत असता तर कपाळ होते.

मी नंतर बकेटकडे गेलो. दाताला दोष नव्हता, अडॅप्टरला दोष नव्हता. पिनच्या जागी बांधकामाच्या सळईचा तोडलेला तुकडा ठोकलेला होता. मूळ पिन हरवली होती आणि नवी मागवायला आठवडा लागणार होता, म्हणून कोणीतरी हा उपाय केला. दातासाठी हजारो रुपये मोजले, आणि तो दात ज्याच्यावर लटकत होता ती वस्तू भंगारातली. त्या प्रसंगानंतर मी कोणत्याही यंत्राकडे गेलो की दाताआधी पिन पाहतो. आणि मालकाला एक गोष्ट बजावतो. दात पडल्याचे सांगणाऱ्या ऑपरेटरचा एक पैसाही कापू नका. त्याने वेळेवर तोंड उघडले असते तर क्रशर दहा मिनिटे थांबवून काम भागले असते.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगून आटोपते घेतो. झिजलेल्या दाताच्या टोकाशी आतली पोकळी दिसू लागली की तो त्याच दिवशी उतरवावा. एक दिवस जास्त चालवला तर अडॅप्टरचे नाक झिजते आणि नवा दात त्यावर कधीच घट्ट बसत नाही. हलणारा दात मोडतो. बोथट दातावर वेल्डिंगचे थर चढवून टोक काढायची आपल्याकडे फार हौस आहे. मँगनीज पोलाद जास्त तापले की पुन्हा ठिसूळ होते, आणि मिश्र पोलादाला दिलेले पाणी त्या आचेने उतरते, दोन्हीकडून तोटाच. ज्याला त्यातले ज्ञान आहे आणि आच मोजता येते त्याने करावे, इतरांनी करू नये. आणि पिन ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवा. कठीण पोलादावर कठीण हातोडा बसला की कपची उडते ती गोळीसारखी. पिन ठोकणारा तरुण चष्मा खिशात ठेवतो आणि म्हणतो, "एकच तर ठोका आहे." तो ठोका पडण्याआधी चष्मा डोळ्यांवर आला पाहिजे, आणि तो येतो की नाही हे शेजारी उभ्या असलेल्या मालकाने पाहिले पाहिजे.

हे दोन्ही दात मी येथेच टेबलावर ठेवतो. ज्यांना हातात घेऊन वजन पाहायचे असेल, चुंबक लावून पाहायचा असेल, त्यांनी सभा संपल्यावर जरूर यावे. मात्र डाव्या हाताचा जरा सांभाळून उचला. झिजलेल्या दाताची कड नव्या दातापेक्षा जास्त कापते.